नत्राची पंगत

राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठातर्फे ‘कृषिदर्शनी’ नावाचे जे पुस्तक निघत असते, त्यातील खतांच्या मात्रांची कोष्टके हा काही कोणी रसिकतेने वाचावा असा मजकूर नव्हे. परंतु एखाद्या गृहस्थाला जुनी पंचांगे चाळण्याचा नाद असावा, तसा मला ती कोष्टके चाळण्याचा नाद आहे. आडसाली उसाला हेक्टरी ४०० किलो नत्र द्यावे, पूर्वहंगामी उसाला ३४०, सुरू उसाला २५०, अशी त्यात शिफारस असते. आणि काही पाने उलटून कडधान्यांच्या प्रकरणाशी यावे, तो तुरीला २५ आणि हरभऱ्यालाही २५. एकाच शिवारात, एकाच काळ्या जमिनीत, प्रसंगी एकाच बांधाच्या अल्याड-पल्याड उभी असलेली ही पिके; पण एकाची भूक दुसऱ्याच्या सोळा पट! वनस्पतिशास्त्राच्या थोरल्या ग्रंथांतून जे शोधत बसावे, ते या कोष्टकाने चार आकड्यांत सांगून टाकलेले आहे.

हा भेद मात्र पुस्तकातच राहतो. जून महिन्यात तालुक्याच्या गावी कृषी सेवा केंद्रापुढे जी रांग लागते, तिच्यात ऊसवाला, सोयाबीनवाला, कापूसवाला, भातवाला असे सारेच उभे असतात, आणि सर्वांच्या तोंडी मागणी एकच असते. युरियाची ४५ किलोची गोणी २६६ रुपये ५० पैशांना मिळते. तीत शेकडा ४६ या हिशेबाने जवळजवळ २१ किलो नत्र असते. आणि ओल असताना ती शेतात पडली, की आठवडाभरात पीक असे काही काळेभोर दिसू लागते की रस्त्याने जाणारा सोयरासुद्धा मोटारसायकल थांबवून, ‘काय टाकलंत हो?’ म्हणून विचारतो. या प्रश्नातच सगळी गफलत आहे, असे माझे मत आहे. हिरवा रंग आपण समृद्धीची निशाणी म्हणून इतका बिनतक्रार कबूल केला आहे की, ज्या पिकाला जे वाढायचे ते न वाढता सर्वांनाच एक जिन्नस आग्रहाने वाढत सुटण्याची रीत आपल्या शेतीत, आपल्या बागांत आणि आपल्या सरकारी खजिन्याच्या व्यवहारातही रूढ झाली आहे. लग्नाच्या पंगतीत जाणता वाढपी पानावर कोण बसला आहे ते पाहून हात आखडता किंवा सैल करतो. मधुमेही आजोबांच्या पानात तो जिलेबीचा ढीग लावीत नाही. आमच्या पंगतीत हा वाढपीच उरलेला नाही.

नत्र वनस्पतीला कशासाठी लागते, हे थोडक्यात सांगितले पाहिजे. पानाचा हिरवेपणा ज्या हरितद्रव्यामुळे असतो त्यात नत्र आहे, प्रथिनांत आहे, बीजातील आनुवंशिक द्रव्यात आहे. म्हणजे वाढ या शब्दाने आपण जे जे समजतो, त्या सर्वांच्या मुळाशी ते आहे. ज्या हवेत आपण श्वास घेतो तिचा ७८ टक्के भाग हा वायूच आहे. परंतु त्याच्या दोन अणूंची मिठी इतकी घट्ट की झाडाला तो तसाच्या तसा पचत नाही, आणि डोक्यावर अमाप भांडार असताना मुळांनी मात्र मातीतील चिमूटभर नायट्रेट-अमोनियमसाठी दारोदार हिंडावे, अशी वनस्पतींची शोकांतिका आहे. या दारिद्र्यावर ज्या ज्या कुळाने जी जी हिकमत लढविली, तिच्यावरून त्या कुळाचा स्वभाव ठरला. आणि हा स्वभाव ओळखल्याशिवाय खत देणे हा आंधळा दानधर्म होय.

ही गोष्ट प्रथम पक्केपणी ज्याने दाखविली त्या जर्मन शास्त्रज्ञाचे नाव हेलरीगेल. १८८६ साली बर्लिन येथील शास्त्रज्ञांच्या सभेत त्याने जे प्रयोग मांडले त्यांत ओट आणि वाटाणा या वनस्पती होत्या. नत्राचा कण नसलेल्या धुतलेल्या वाळूत त्याने दोन्ही लावल्या. ओटाचे वागणे सरळ, एखाद्या प्रामाणिक कारकुनासारखे: जितके नायट्रेट घालावे तितकी वाढ, न घालावे तर वाढ नाही. वाटाण्याने मात्र त्याला भंडावून सोडले; कारण एका कुंडीतील वाटाणा भुकेने मरे, तर शेजारच्याच कुंडीतील वाटाणा, खताचा दाणा न मिळता, तरारून वर येई. अखेर वाळू तापवून निर्जंतुक केली तेव्हा सारेच वाटाणे मेले, आणि शेतातील मातीचे पाणी थोडेसे शिंपडताच पुन्हा जगले. तेव्हा उलगडा झाला की वाटाण्याच्या मुळांवरील गाठींत राहणारे सूक्ष्म जीव हवेतले नत्र धरून झाडाला देत आहेत. दोन वर्षांनी बायरिंक नावाच्या डच शास्त्रज्ञाने ते जीव वेगळे काढून दाखविले. आमच्या कुणब्याला अर्थातच जीव ठाऊक नव्हते, पण परिणाम ठाऊक होता. ‘हरभऱ्याचा बेवड’ हा शब्दप्रयोग करणारी माणसे कोणत्याही सभेला गेलेली नव्हती. परंतु ज्वारीच्या मागे ज्वारी घेऊ नये, कडधान्याच्या मागे घ्यावी, हा त्यांचा शिरस्ता होता. पानमळ्यात वेलीला आधार म्हणून शेवरी, पांगारा, हादगा लावणाऱ्यांनीही नेमकी शेंगवर्गातील झाडे कशी निवडली असतील, याचे मला नेहमी नवल वाटते. सावली विरळ आणि वाढ जलद म्हणून निवडली, हे उत्तर खरे असेल. तरी एवढ्याने माझे समाधान होत नाही.

गाठी पाहायच्या तर भुईमुगाचे किंवा सोयाबीनचे झाड पेरणीनंतर पाच-सहा आठवड्यांनी उपटावे. आणि उपटावे म्हणजे हिसकावे असे नव्हे, तर खुरप्याने भोवतीची माती सैल करून हळूच उचलावे, कारण घाई केली तर गाठी मातीतच राहतात आणि मनुष्य उगाच नाही-नाही म्हणत बसतो. मी आजोळी हा उद्योग प्रथम केला तेव्हा मामांनी एक गाठ नखाने फोडून माझ्यापुढे धरली. आत मांसासारखा गुलाबी रंग होता. ‘लाल निघाली की काम चालू आहे, हिरवी-करडी निघाली की संपली,’ एवढेच ते म्हणाले आणि पुढच्या ओळीत शिरले. त्या गुलाबी रंगाचे कारण मला फार पुढे कळले: आपल्या रक्तातील हिमोग्लोबिनचाच एक भाऊबंद त्या गाठीत असतो, आणि आतल्या जीवाणूंना प्राणवायू बेताबेताने पोहोचविण्याचे काम तो करतो; कारण प्राणवायू मोकाट मिळाला तर नत्र धरणारी त्यांची यंत्रणाच बंद पडते. हा सगळा कारभार फुकट मात्र चालत नाही. झाड आपल्या पानांनी केलेली साखर खाली पाठविते, तेव्हा जीवाणू नत्र वर देतात. आणि म्हणूनच, मातीत आयते नायट्रेट मिळू लागले की झाड हिशेबी सावकाराप्रमाणे हा खर्च तोडते, गाठी धरणे कमी करते, धरलेल्या पोसत नाही.

सोयाबीनवर युरिया फेकणारा शेतकरी याच ठिकाणी स्वतःच्या पैशाने स्वतःचे नुकसान करून घेतो. जुलै-ऑगस्टमध्ये पावसाची झड लागून रान चिभडले, की सोयाबीनची शेंड्याकडची कोवळी पाने पिवळी पडतात. शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. चुनखडीच्या भारी जमिनीत पाणी साचल्यामुळे मुळांना लोह घेता येत नाही, त्याचे हे लक्षण. नत्राच्या उपासमारीने येणारी पिवळी कळा खालच्या, जुन्या पानांपासून सुरू होते, कारण झाड जुन्या पानातले नत्र काढून नव्या पानाला देते. पिवळेपणा वरून खाली आहे की खालून वर आहे, एवढे पाहण्यास अर्धे मिनिट पुरे. पण रांगेत उभे राहण्यास आपण अर्धा दिवस देतो, आणि ते अर्धे मिनिट देत नाही. पेरताना जे २५-५० किलो सांगितले आहे ते गाठी धरेपर्यंतच्या वाटखर्चापुरते असते. त्यानंतर त्याला वाढणे म्हणजे मिळवत्या मुलाला घरबसल्या पगार सुरू करण्यासारखे आहे.

उलट उसासारखे, मक्यासारखे तृणकुळातले खादाड आहेत, आणि त्यांना न दिले तर ते चालत नाही, हे मी नाकारीत नाही. पण खादाडालाही वेळकाळ असतो. उसाला मोठ्या बांधणीनंतर युरिया देऊ नये असे सांगतात ते का, तर उशिरा मिळालेल्या नत्राने ऊस वाढतच राहतो, पक्व होण्याचे मनावर घेत नाही, रसातली साखर उतरते, आणि अंगाने फोफावलेले ते पीक एखाद्या वादळात आडवे होते. कारखाना ऊस वजनावर घेतो आणि शेतकरी साखरेचा नव्हे तर टनांचा विचार करतो, म्हणून उतारा घटल्याचे दुःख त्याला वैयक्तिक वाटत नाही. हा दोष त्याचा की व्यवस्थेचा, हा प्रश्न वेगळा. कपाशीचे तर विचारूच नये. नत्र जास्त झालेली कपाशी छातीएवढी होते, तिची पाने लुसलुशीत आणि पातळ सालीची होतात, मावा आणि तुडतुडे जणू आमंत्रण मिळाल्याप्रमाणे येतात, आणि पात्या-बोंडे धरण्याच्या वेळी झाड फांद्यांच्याच नादात असते. भातात हेच करपा रोगाचे रूप घेते. खरड छाटणीनंतर द्राक्षवेलीला नत्र सढळ झाले आणि त्यातच आभाळ भरून राहिले, तर काडीतल्या डोळ्यांत घड धरण्याऐवजी बाळी नाही तर नुसता शेंडा निघतो, आणि हे बागाइतदाराला कळते ते ऑक्टोबरची छाटणी झाल्यावर, म्हणजे उपाय संपल्यावर.

कांद्याची गोष्ट जरा सविस्तर सांगतो, कारण ती नाशिक-नगरकडच्या लोकांनी अनुभवलेली आहे आणि तरी दरवर्षी नव्याने घडते. उन्हाळी कांदा पोसू लागल्यानंतर, बाजार तेजीत आहे असे ऐकून, एखादा जण युरियाची आणखी एक पाळी देतो. कांदा खरोखरच थोराड होतो. काढणीच्या दिवशी शेतात ढीग पाहून घरात आनंद असतो. परंतु त्या कांद्याची मान जाड राहिलेली असते, ती नीट पडत नाही, मिटत नाही. आणि कांदाचाळीत घातल्यावर जुलैच्या दमट हवेत त्या उघड्या मानेतून सड आत शिरते. त्या चाळीजवळून गेलो असता जो वास येतो, तो ज्याने घेतला आहे त्याला पुढे अधिक सांगावे लागत नाही. जोडकांदे निघतात ते वेगळेच. वजन मिळाले, टिकाऊपणा गेला, आणि ज्या तेजीसाठी हे सारे केले ती तेजी येण्याच्या आधीच माल उकिरड्यावर पोहोचला. शेजारच्या चाळीत लहान, घट्ट, बारीक मानेचा कांदा सप्टेंबरपर्यंत टणटणीत राहतो, आणि त्याच्या मालकाला लोक मेमध्ये ‘यंदा तुझा माल किरकोळ दिसतोय’ असे म्हणून गेलेले असतात.

हे वाचून कोणी असा ग्रह करून घेऊ नये की, युरिया हे विष असून पूर्वजांचे शेणखतच तेवढे पवित्र, अशी माझी समजूत आहे. तशी भाषा करणारे हल्ली पुष्कळ झाले आहेत, आणि त्यांच्यापैकी पुष्कळांना भूक म्हणजे काय ते ठाऊक नाही. हाबर याने १९०९ मध्ये हवेतल्या नत्रापासून अमोनिया करून दाखविला, बॉश याने १९१३ मध्ये ओपाऊ येथे त्याचा कारखाना उभा केला, आपल्याकडे सिंद्रीचा कारखाना १९५१ मध्ये सुरू झाला आणि तुर्भ्याचा १९६५ मध्ये. या साखळीतील एखादी कडी निखळली असती तर १९६६ च्या दुष्काळात वाढलेल्या पिढीचे काय झाले असते, याची कल्पना शहरी मंडळींनी करून पाहावी. इतकेच की, हरितक्रांतीतही निर्णायक गोष्ट खत ही एकटी नव्हती. आमचे जुने उंच गहू शेकडो वर्षे भुकेल्या जमिनीशी जुळवून घेत वाढलेले. त्यांना नत्र भरपूर दिले की ते उंच होत, ओंबी जड होई आणि पीक लोळे. बोरलॉग यांच्या मेक्सिकन गव्हांत जपानी नोरीन १० या जातीकडून आलेला बुटकेपणा होता, म्हणून त्यांना ते नत्र पेलले. म्हणजे एका वनस्पतीची नव्हे, एका वनस्पतीच्या एकेका वाणाचीही नत्राशी वेगवेगळी सोयरीक असते. खपली गव्हाला संकरित मक्याची मात्रा देणारा मनुष्य हे विसरतो.

आणि उपासमारीचेही काही कौतुक करू नये. हलक्या, निकस रानात ज्वारीच्या मुळावर टारफुला नावाची जी बांडगुळी वनस्पती वाढते, तिचा जोर जमीन जितकी दरिद्री तितका अधिक. भुकेलेली ज्वारी मुळांतून जे द्रव्य सोडते त्याच्याच वासावर टारफुल्याचे बी जागे होते, आणि नत्र दिल्याने हा उपद्रव कमी होतो. तिथे युरियाची एक गोणी औषधासारखी आहे. परंतु याच ज्वारीला खत भरपूर देऊन पाऊस ताणला, तर कोवळ्या पोंग्यांत प्रुसिक आम्ल वाढते, आणि बांध ओलांडून आत शिरलेली गाय तासाभरात आडवी होते. एकाच पिकाच्या बाबतीत दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत, हे ध्यानात ठेवणे घोषणा देणाऱ्यांना जड जाते.

शेतातून आता थोडे डोंगरावर जाऊ. साताऱ्याच्या पश्चिमेस, समुद्रसपाटीपासून सुमारे १२०० मीटर उंचीवरचे कासचे पठार सप्टेंबरमध्ये पाहण्यासाठी जी गर्दी लोटते, तिच्यातील बहुतेकांची समजूत अशी असते की इतकी फुले येतात त्या अर्थी माती फार सुपीक असणार. वस्तुस्थिती नेमकी उलट आहे. जांभ्या खडकावर वीतभरही न भरणारी माती, तीही मुसळधार पावसाने वर्षानुवर्षे धुतलेली. नत्राच्या दृष्टीने हे पठार म्हणजे एक निष्कांचन संस्थान आहे. आणि म्हणूनच तेथे गालिचा पसरतो. निळी-जांभळी सीतेची आसवे दिसतात त्या वनस्पतीने मातीची आशा सोडून, ओल्या मातीत बुडालेल्या सूक्ष्म फुग्यांच्या सापळ्यांत जीवजंतू ओढून घेऊन त्यांच्या अंगातले नत्र मिळविण्याचा धंदा पत्करला आहे. हा सापळा मिटतो तो डोळ्याचे पाते लवण्याहूनही लवकर. जवळच जमिनीला चिकटून असलेला दवबिंदू पानावरच्या लाल केसांच्या टोकांना चिकट थेंब मिरवीत बसतो आणि त्यावर उतरलेली माशी उठत नाही. आणि त्यांच्यातच पिवळा धमक कवला उभा असतो, ज्याला नव्या पर्यटकांनी मिकी माउस असे नाव दिले आहे. तो तुरी-हरभऱ्याच्या कुळातला, मुळांवर गाठी बाळगणारा. ज्याने हे ओळखले त्याला त्या गालिच्यात रंगांच्या जागी रोजकीर्द दिसू लागते: निळ्या रंगाने शिकार करून मिळविले, पिवळ्याने जीवाणूंशी करार करून मिळविले, पांढऱ्या गेंदांनी थोडक्यात भागविले. जिथे कोणापाशीच फार नाही, तिथे कोणी कोणाला दडपीतही नाही.

या पठारावर उद्या कोणी सद्‌हेतूने, फुले अधिक यावीत म्हणून, युरिया शिंपडला तर काय होईल, याचे उत्तर शोधण्यासाठी कासवर प्रयोग करण्याची गरज नाही. इंग्लंडात रॉथम्स्टेड येथे लॉझ आणि गिल्बर्ट यांनी १८५६ साली एका जुन्या कुरणाचे तुकडे पाडून त्यांना निरनिराळी खते देण्यास आरंभ केला, आणि ते काम आजतागायत खंड न पडता चालू आहे. ज्या तुकड्यांना काहीच दिले नाही, तेथे आजही चाळिसेक जातींची गवते आणि फुलझाडे एकत्र नांदतात. ज्यांना स्फुरद-पालाश दिले पण नत्र दिले नाही, तेथे शेंगवर्गीयांनी बस्तान बसविले. आणि ज्यांना अमोनियाचे खत भरपूर मिळाले, चुना मिळाला नाही, तेथे माती आंबट होऊन दोन-तीन जातींचे दांडगे गवत तेवढे उरले. बाकीची प्रजा बेदखल झाली. गवताचा भारा मात्र तेथे मोठा निघतो. हॉलंडात तर हे प्रकरण न्यायासनापुढे गेले: गोठ्यांतून आणि मोटारींतून हवेत जाणारे नत्र पावसाबरोबर राखीव माळरानांवर उतरून तेथील जांभळ्या फुलांच्या झुडपांची जागा गवत घेऊ लागले, तेव्हा २०१९ साली तेथील सर्वोच्च प्रशासकीय न्यायपीठाने सरकारचे परवानग्यांचे धोरणच रद्द ठरविले, आणि शेतकऱ्यांचे ट्रॅक्टर, सरकारचा कारभार जेथून चालतो त्या हेगच्या रस्त्यांवर आले. उत्तर युरोपातल्या दलदलींत दवबिंदूची जी जात आहे, ती पावसातून नत्र अधिक मिळू लागल्यावर किडे कमी पकडू लागल्याचेही दिसून आले आहे. कासच्या रस्त्यावर रविवारी मोटारींची जी रांग धूर सोडीत उभी असते तिच्याकडे पाहताना मला ही गोष्ट आठवते. आपण तिकिटाची बारी आणि फुले तोडल्यास दंड यांची तरतूद करतो. मोटारीच्या धुरातून जे उतरते त्याची नोंद ठेवण्याची तरतूद मला कुठे आढळलेली नाही.

नद्यांविषयी लांबण लावीत नाही. पुण्याच्या मुळा-मुठेत, कोल्हापूरच्या पंचगंगेत दरवर्षी जी जलपर्णी माजते आणि जी काढण्याचे ठेके दरवर्षी निघतात, ती सांडपाण्यातल्या आणि शेतांतून वाहून आलेल्या नत्रा-स्फुरदावर पोसलेली असते. ठेका पर्णीचा निघतो, तिच्या खुराकाचा निघत नाही.

आता सरकारी दप्तराकडे वळतो. १ एप्रिल २०१० पासून केंद्राने अन्नद्रव्यांवर आधारित अनुदानाचे धोरण लागू केले, पण त्यातून युरिया वगळला. स्फुरद-पालाशाच्या खतांचे भाव चढले, युरियाचा हुकमी भाव जागच्या जागी राहिला, आणि शेतकऱ्याने जे स्वस्त ते अधिक वापरले, यात त्याचा काय दोष? पुढे २०१५ मध्ये सर्व युरियाला कडुनिंबाचा लेप सक्तीचा झाला, म्हणजे तो जमिनीत सावकाश विरघळावा आणि कारखान्यांकडे चोरवाटेने जाऊ नये. २०१८ मध्ये ५० किलोची गोणी ४५ ची झाली, अशा भरवशावर की शेतकरी गोण्या मोजून टाकतो, तेव्हा आपोआप कमी टाकील. या दुसऱ्या युक्तीचे मला हसू येते. ज्या राज्यकर्त्यांना शेतकऱ्याशी बोलता येत नाही, ते त्याला मापात फसवून शहाणा करू पाहतात. नत्र, स्फुरद आणि पालाश यांचे ४:२:१ हे जे प्रमाण साऱ्या देशासाठी आदर्श म्हणून पाठ केले जाते, तेही मुळात गहू-भाताच्या मुलखाला धरून आलेले. तुरीच्या, सोयाबीनच्या, मोसंबीच्या मुलखाला ते कशाच्या आधारावर लावायचे?

माझी सूचना साधी आहे, आणि तिच्यासाठी नवे खाते काढावे लागणार नाही. युरियाची गोणी आज आधारचा अंगठा घेऊन यंत्रावर विकली जाते; म्हणजे कोणी किती नत्र उचलले ते सरकारला ठाऊक आहे. २०२१ पासून ई-पीक पाहणीत कोणत्या गटात कोणते पीक उभे आहे ते शेतकरी स्वतः मोबाइलवर छायाचित्रासह नोंदवितो. म्हणजे नत्र कोणत्या झाडाच्या तोंडी जाणार तेही सरकारला ठाऊक आहे. ही दोन दप्तरे एकमेकांशी बोलत नाहीत. ती बोलती करावीत. पिकाच्या शिफारशीइतक्या नत्रावर सवलत द्यावी, त्यावर लागले तर पूर्ण भावाने घ्यावे. आणि जो खातेदार बेवडासाठी तूर, मूग, हरभरा किंवा ताग-धैंचा घेतो, त्याने जे नत्र सरकारकडून उचलले नाही त्याची काही रक्कम त्याच्या खात्यावर जमा करावी. जीवाणूंनी केलेल्या कामाची मजुरी कोणालातरी मिळालीच पाहिजे, ती कारखान्याला मिळण्यापेक्षा शेतकऱ्याला मिळालेली बरी. यावर पहिला आक्षेप वाटेकरी आणि खंडकरी यांचा येईल, कारण सातबारा एकाच्या नावावर आणि घाम दुसऱ्याचा. तो आक्षेप खरा आहे, आणि गावपातळीवर तोंडी कराराची नोंद घेण्याची मुभा दिल्यावाचून तो सुटणार नाही. दुसरा आक्षेप दुकानदारांचा येईल. गेल्या खरिपात एका दुकानात युरियाच्या दोन गोण्यांबरोबर मला न मागितलेली एक द्रवखताची बाटली गळ्यात मारण्यात आली, आणि पावती मागितली तेव्हा ‘साहेब, पुढच्या वेळी माल नसेल’ असे गोड शब्दांत सांगण्यात आले; तेव्हा त्या आक्षेपाचे वजन किती धरावे, हे वाचकांनी ठरवावे.

दुसऱ्यांना एवढा उपदेश केल्यावर स्वतःच्या घरचा ताळेबंद लपविणे बरे नव्हे. आमच्या गच्चीवर एका फुटक्या पिंपात बोगनवेल आहे. अनेक वर्षे तिच्याकडे कोणी पाहत नव्हते. पाणी आठवण झाली तर. आणि ती फेब्रुवारीपासून अशी पेटत असे की खालून जाणारे मान वर करीत. दोन वर्षांपूर्वी शेतातून उरलेला युरिया घरी आला होता, त्यातला मूठभर मी, ती इतकी सोशीक आहे तर तिचेही थोडे कौतुक करावे म्हणून, पिंपात टाकला; आणि त्या पावसाळ्यात पुन्हा एकदा. वेल आता शेजाऱ्यांच्या खिडकीपर्यंत गेली आहे, पाने तळहाताएवढी आणि तेल लावल्यासारखी चकचकीत आहेत, काटेही चांगले जाडजूड आले आहेत. परवा शेजारच्या काकू खिडकीतून तिची एक फांदी बाजूला सारीत म्हणाल्या, ‘वेल छान आहे हो तुमची. कसली आहे?’